शेवट मागे घेणारे सिनेमे

पोलादाच्या कारखान्यात एक यंत्रमानव साखळीला धरून उकळत्या रसात उतरतो आहे. अर्ध्या चेहऱ्याचं कातडं सोलून निघालंय, आतला धातू आणि लाल डोळा उघडा पडलाय. स्वतःला नष्ट करण्याची त्याला मुभा नाही, म्हणून साखळी खाली सोडणारं बटण एका बाईला दाबावं लागतं. अगदी याच चेहऱ्याच्या एका यंत्राने काही वर्षांपूर्वी तिला ठार मारण्यासाठी लॉस एंजेलिसभर तिचा पाठलाग केला होता. शेजारी उभा असलेला तिचा दहा वर्षांचा मुलगा रडत रडत यंत्राला हुकूम सोडतो, जाऊ नकोस. आजवर या मुलाचा शब्द न शब्द पाळणारं यंत्र हा एवढा हुकूम मोडतं. आधी पाय जातात, मग छाती, मग डोकं. शेवटी अंगठा वर केलेला हात तेवढा उरतो आणि तोही बुडतो.

जुलै १९९१ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झालेल्या ‘टर्मिनेटर २ : जजमेंट डे’चा हा शेवट आहे. सुमारे दहा कोटी डॉलर खर्चून केलेला हा तोवरचा सर्वांत महागडा सिनेमा होता. जगभरात त्याने बावन्न कोटींच्या आसपास कमावले आणि त्या वर्षीच्या कमाईत तो पहिला आला. आपल्याकडेही तो आधी व्हिडिओ कॅसेटवर आणि मग केबलवर हिंदीतून बघितलेली एक अख्खी पिढी आहे. यानंतर याच मालिकेचे आणखी चार सिनेमे आले : २००३, २००९, २०१५ आणि २०१९ मध्ये. पैसा भरपूर लागला, तंत्रज्ञान कैक पटींनी पुढे गेलं, बहुतेक वेळा यंत्राची भूमिका करणारा अर्नोल्ड श्वार्झनेगर पडद्यावर परत आला, एकदा तर त्या बाईची भूमिका करणारी लिंडा हॅमिल्टनही परतली. तरी चाहते दर वेळी हिरमुसून बाहेर पडले. हे का झालं, याचा शोध या प्रकरणात घ्यायचा आहे.

सुरुवातीलाच दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. पुढचा भाग आधीच्यापेक्षा कमी आवडणं ही एक गोष्ट झाली. तिचं स्पष्टीकरण संख्याशास्त्रात मिळतं. फ्रान्सिस गाल्टनने १८८६ मध्ये दाखवून दिलं होतं की फार उंच आई-वडिलांची मुलं सरासरीने त्यांच्याइतकी उंच नसतात, ती समाजाच्या सरासरीकडे थोडी सरकतात. सिनेमाचंही काहीसं तसंच होतं. पुढचा भाग निघतो तो असामान्य जमून आलेल्या सिनेमाचाच. पटकथा, दिग्दर्शक, नट, संगीत, वेळ हे सगळं एकाच वेळी जुळून येणं दुर्मीळ असतं, त्यामुळे पुढची खेप आधीच्यापेक्षा डावी ठरण्याची शक्यताच जास्त. एवढंच असतं तर चाहत्याने खांदे उडवले असते आणि जुना सिनेमा पुन्हा लावला असता. पण ‘टर्मिनेटर’च्या चाहत्याला राग येतो, आपलं काहीतरी हिरावून घेतल्यासारखं वाटतं. तो जुना सिनेमा पुन्हा लावतो तेव्हा त्यातही त्याला कडू चव लागते. ही दुसरी गोष्ट. तिचं उत्तर गाल्टनकडे नाही, ते गोष्टीच्या रचनेत आहे.

त्यासाठी १९८४ पर्यंत मागे जावं लागेल. ‘द टर्मिनेटर’ केला तेव्हा जेम्स कॅमेरॉनच्या नावावर सांगण्यासारखं काही नव्हतं. रोममध्ये आजारी पडून तापात पडलेला असताना त्याला स्वप्नात आगीतून सरपटत येणारा धातूचा सांगाडा दिसला, त्यातून ही कथा सुचली. पटकथा आपणच दिग्दर्शित करायची या अटीवर त्याने तिचे हक्क निर्माती गेल अ‍ॅन हर्ड हिला एका डॉलरला विकले. हा एक डॉलर लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येणार आहे. सिनेमाचा खर्च ६४ लाख डॉलरच्या घरात होता. संगीतकार ब्रॅड फिडेलने तो घणाघाती ठेका लोखंडी तवा बडवून मिळवला. काटकसर सगळीकडे दिसते आणि सिनेमाला ती फळते : बरीचशी कथा रात्री घडते, यंत्राचा सांगाडा अगदी शेवटी दिसतो आणि तोवर श्वार्झनेगरचा न हलणारा चेहराच भीती घालतो.

कथेचं सूत्र साधं आहे. भविष्यात स्कायनेट नावाची संगणकप्रणाली माणसांवर उलटते, अणुयुद्ध घडवते. वाचलेल्या माणसांचा नेता असतो जॉन कॉनर. तो जन्मालाच येऊ नये म्हणून स्कायनेट एका यंत्राला भूतकाळात पाठवतं, त्याची आई सारा हिला मारायला. तिला वाचवायला जॉन आपला सैनिक काइल रीस याला पाठवतो आणि सारा व काइलच्या प्रेमातून जॉनचाच जन्म होतो. म्हणजे स्कायनेटने जॉनला पुसायचा प्रयत्न केला म्हणूनच जॉन आहे. हे वर्तुळ पूर्ण बंद आहे. सिनेमाच्या शेवटी पेट्रोल पंपावर एक मुलगा गरोदर साराचा पोलरॉइड फोटो काढतो. हाच फोटो काइलने भविष्यात वर्षानुवर्षं जवळ बाळगला होता, फोटोतली बाई नेमका कसला विचार करत असेल याचं त्याला कुतूहल होतं. ती त्याचाच विचार करत होती, हे प्रेक्षकाला कळतं. काइलला ते कधीच कळत नाही. कमी पैशांच्या विज्ञानपटात इतका नेटका, दुःखी सांधा क्वचित सापडतो.

बंद वर्तुळाचा दुसरा भाग काढणं अवघड असतं. कॅमेरॉनने तो काढला आणि तो पहिल्यापेक्षा वरचढ झाला असं मानणारे पुष्कळ आहेत, मीही त्यांच्यातलाच. पुढचे भाग मुळातच वाईट असतात हे मत या एका सिनेमामुळे गळून पडतं. मग त्याने वेगळं काय केलं? पहिल्या भागात घडलेलं सगळं घडलंच आहे असं मानून तो पुढे गेला. साराने खरोखर एक यंत्र पाहिलं, ती जगाला ते सांगत सुटली, म्हणून आज ती मनोरुग्णालयात आहे. १९८४ मधली घाबरलेली वेट्रेस आता दंडाचे स्नायू पिळून पोलादी झालेली, मुलाला जवळ घ्यायलाही विसरलेली बाई आहे. पहिल्या यंत्राचा तुटलेला हात आणि चिप कारखान्यात राहून गेली होती. सायबरडाइन कंपनीने ती उचलली आणि त्यावरूनच माइल्स डायसन नावाचा अभियंता स्कायनेटचं बीज घडवतो आहे. पहिल्या भागातलं प्रत्येक पाऊल दुसऱ्या भागात मोजलेलं आहे.

मग कॅमेरॉन एक मोठं धाडस करतो. पहिल्या भागात भविष्य अटळ होतं, इथे तो म्हणतो, ते बदलता येतं. पण फुकट नाही. डायसनला आपलं आयुष्यभराचं काम स्वतःच्या हाताने उद्ध्वस्त करावं लागतं आणि त्यात त्याचा जीव जातो. साराला ज्या चेहऱ्याचा सर्वाधिक द्वेष वाटतो त्यावर विश्वास ठेवावा लागतो. जॉनला, बाप कधी न पाहिलेल्या पोराला, बापासारखा लाभलेला एकमेव जीव रसात सोडून द्यावा लागतो. या सगळ्याच्या बदल्यात २९ ऑगस्ट १९९७ ला मरणारी तीन अब्ज माणसं वाचतात. प्रेक्षक दोन तासांहून जास्त वेळ बसून हा सौदा डोळ्यांसमोर होताना पाहतो, त्यात स्वतःही गुंततो आणि शेवटी रडून तो मान्य करतो. कॅमेरॉनने एक वेगळा शेवटही चित्रित केला होता : म्हातारी सारा बागेत बसली आहे, मोठा झालेला जॉन सिनेटर झाला आहे, नात समोर खेळते आहे. तो त्याने काढून टाकला आणि त्याजागी रात्रीचा धावता रस्ता आणि साराचा आवाज ठेवला. पुढे काय ते माहीत नाही, पण पहिल्यांदाच आशा वाटते आहे, अशा अर्थाचं ती बोलते. हा निर्णय उत्तम होता. पुढे त्याच उघड्या रस्त्याचा दाखला देऊन म्हटलं गेलं की बघा, दार उघडंच ठेवलं होतं. रस्ता उघडा असणं आणि केलेला सौदा मोडणं यात फरक आहे.

आता अडचण बघा. ‘टर्मिनेटर’ नावाचा आणखी एक सिनेमा काढायचा तर टर्मिनेटर हवेत. टर्मिनेटर हवेत तर स्कायनेट हवं. आणि १९९१ च्या सिनेमाचा सगळा अर्थ असा की स्कायनेट आता होणार नाही. म्हणजे पुढच्या कोणत्याही भागाच्या पहिल्या पानावर एकच वाक्य लिहावं लागणार : ते बलिदान वाया गेलं. दिग्दर्शक कितीही गुणी असो, या वाक्यातून त्याची सुटका नाही.

जोनाथन मोस्टोच्या ‘टर्मिनेटर ३’ने (२००३) हे वाक्य सरळ उच्चारलं. महाविनाश टळला नव्हता, फक्त पुढे ढकलला गेला होता, असं यंत्रच जॉनला सांगतं. सारा मधल्या काळात ल्युकेमियाने गेली, हे एका संवादात उरकलं जातं. सिनेमाचा पहिला बराचसा भाग जुन्या प्रसंगांच्या थट्टेत जातो. पहिल्या दोन भागांत यंत्राचे कपडे मिळवण्याचे प्रसंग गाजले होते, इथे त्याच्या नाकावर ताऱ्याच्या आकाराचा चष्मा येतो. ज्या गोष्टीची भीती वाटली पाहिजे तिला आधी हसवून घेतलं की नंतर भीती परत आणता येत नाही.

तरीही या सिनेमाबद्दल एक चांगली गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्याचा शेवट धीट आहे. जॉन आणि त्याच्यासोबत असलेली केट डोंगरातल्या एका गुप्त तळावर पोचतात, तिथे स्कायनेटचा गाभा असेल आणि तो उडवला की झालं, अशा समजुतीने. दार उघडतं तर आत जुनाट नियंत्रणकक्ष, काही पिढ्यांपूर्वीची उपकरणं, धूळ. हा बड्या अधिकाऱ्यांसाठी बांधलेला अणुनिवारा आहे. यंत्राने त्यांना लढायला पाठवलेलं नव्हतं, जिवंत ठेवायला पाठवलं होतं. स्कायनेट ही जगभर पसरलेली प्रणाली आहे, तिला उडवण्यासारखा गाभाच नाही. बाहेर क्षेपणास्त्रं सुटतात आणि खरखरणाऱ्या बिनतारी संचावर एकेक आवाज विचारू लागतो, तिथे प्रमुख कोण आहे? जॉन थबकतो आणि आपलं नाव सांगतो. आयुष्यभर ज्या भूमिकेपासून तो पळत होता ती त्याच्या गळ्यात पडते. मोस्टोने निदान सौदा मोडल्याची जबाबदारी घेतली, महाविनाश घडवून दाखवला. याच्या नंतरच्यांनी तेवढंही केलं नाही.

मॅकजीच्या ‘टर्मिनेटर सॅल्व्हेशन’वर (२००९) फार थांबण्यात अर्थ नाही. तो अणुयुद्धानंतरच्या भविष्यातच घडतो, त्यामुळे खरं तर त्याला काही पुसायची गरज नव्हती. पण पाठलागाची ओढ गेली, मालिकेच्या पहिल्या तीन भागांत असलेली हिंसेची धार किशोरांना चालेल अशा प्रमाणपत्रासाठी बोथट करण्यात आली, आणि नियोजित शेवट आधीच बाहेर फुटल्याने तो बदलला गेला. श्वार्झनेगर तेव्हा कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर होता, म्हणून त्याचा चेहरा संगणकाने दुसऱ्याच्या धडावर बसवावा लागला.

‘टर्मिनेटर जेनिसिस’ने (२०१५) मागच्या गोष्टीवरच घाव घातला. १९८४ मधली दृश्यं पुन्हा उभी केली, संगणकाने घडवलेला तरुण श्वार्झनेगर तिथे आणला आणि मग वर्तुळच वेगळं फिरवलं : या काळरेषेत सारा लहानपणापासून एका यंत्राने वाढवलेली लढवय्यी आहे. म्हणजे घाबरलेल्या वेट्रेसचा पोलादी बाईपर्यंतचा प्रवास, ज्यावर दोन सिनेमे उभे होते, तो झालाच नाही. ज्याच्यासाठी एवढे जीव गेले तो जॉन कॉनर इथे स्वतःच यंत्र होऊन खलनायक बनतो आणि हे प्रदर्शनापूर्वीच्या ट्रेलरमध्येच दाखवून टाकलं होतं. जगभरात सुमारे ४४ कोटी डॉलर जमले, पण त्यातले अमेरिकेतले नऊ कोटींहून कमी होते. एकट्या चीनमध्ये अकरा कोटींपेक्षा जास्त आले. म्हणजे पहिल्या दोन भागांवर जी पिढी वाढली तिने पाठ फिरवली.

सगळ्यात खोल जखम केली ती मात्र ‘टर्मिनेटर : डार्क फेट’ने (२०१९). आणि तो या चौघांत सगळ्यात काळजीने केलेला सिनेमा आहे, हे आधी मान्य करायला हवं. दिग्दर्शक टिम मिलर, निर्माता म्हणून खुद्द कॅमेरॉन परतलेला, कथेच्या श्रेयनामावलीत त्याचं नाव. लिंडा हॅमिल्टन २८ वर्षांनी साराच्या रूपात पडद्यावर. मधले तिन्ही सिनेमे झालेच नाहीत असं समजून हा थेट १९९१ ला जोडला होता. चाहत्यांनी मागितलं होतं ते सगळं.

सिनेमा सुरू होतो १९९८ मध्ये, ग्वाटेमालातल्या लिव्हिंगस्टनच्या किनाऱ्यावर. महाविनाशाचा दिवस येऊन गेला आहे, काही झालेलं नाही. सारा आणि जॉन एका टपरीवजा बारमध्ये बसले आहेत. चेहरे संगणकाने १९९१ इतके तरुण केलेले. प्रेक्षकाला वाटतं, हेच तर बघायचं होतं, आई आणि मुलगा उन्हात, निर्धास्त. तेवढ्यात गर्दीतून एक टर्मिनेटर चालत येतो, स्कायनेटने पूर्वी पाठवलेल्यांपैकी उरलेला. तो बंदूक काढतो, जॉनला गोळी घालतो, आणि मागे वळून निघून जातो. सिनेमा सुरू होऊन अजून पाच-दहा मिनिटंही झालेली नाहीत. पहिल्या दोन सिनेमांत ज्याला वाचवण्याची धडपड चालली होती तो मुलगा बारच्या फरशीवर मेला. पुढे कळतं की स्कायनेट झालं नाही पण लीजन नावाची दुसरी प्रणाली झाली, जॉनच्या जागी मेक्सिकोतली दानी रामोस ही नवी नेता असणार आहे, आणि नव्या जातीचं यंत्र तिला मारायला आलं आहे. नावं बदलली, गोष्ट तीच.

या सिनेमात हुशारी आहे. जॉनला मारून मोकळं झालेलं, करायला काही न उरलेलं यंत्र माणसांत राहून पडद्यांचा धंदा करू लागतं, एका बाईला आणि तिच्या मुलाला सांभाळतं आणि आपण काय केलं हे हळूहळू त्याला उमगतं. हा भाग मला मनापासून आवडतो. हॅमिल्टनने आणलेला कोरडा संताप खरा आहे. पण हे सगळं ज्या पायावर उभं आहे तो पाया प्रेक्षकाला सोसवत नाही. सुमारे साडेअठरा कोटी डॉलर खर्चलेल्या सिनेमाने जगभरात सव्वीस कोटींच्या आसपास गोळा केले. चित्रपटगृहांचा वाटा आणि जाहिरातीचा खर्च धरला की हा मोठा तोटा ठरतो. काही जणांनी मुख्य भूमिकांत बायका आहेत म्हणून आरडाओरडा केला. त्यात तथ्य नव्हतं, कारण सारा कॉनर ही या मालिकेची सर्वांत लाडकी व्यक्तिरेखा आहे आणि ती बाईच आहे.

शेवट बिघडला की मागचं सगळं का बिघडल्यासारखं वाटतं, यावर मानसशास्त्रात एक प्रसिद्ध प्रयोग आहे. डॅनियल काहनमान आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये तो प्रसिद्ध केला. सहभागी झालेल्यांना एकदा साठ सेकंद १४ अंश सेल्सियसच्या गार पाण्यात हात ठेवायला लावला. दुसऱ्यांदा तसेच साठ सेकंद आणि वर आणखी तीस सेकंद, पण त्या तीस सेकंदांत पाण्याचं तापमान हळूहळू १५ अंशांपर्यंत चढत जाई. पुन्हा कोणता अनुभव घ्याल असं विचारल्यावर बहुतेकांनी दुसरा, म्हणजे एकूण जास्त त्रासाचा अनुभव निवडला. आठवणीत कालावधी फारसा टिकत नाही, सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट टिकतो. पाण्यातला हात आणि सिनेमा यांत अंतर मोठं आहे, तरी या निष्कर्षाची दिशा इथे लागू पडते असं मला वाटतं. ‘टर्मिनेटर २’च्या आठवणीत तीव्र क्षण आणि शेवट एकच आहे. तो शेवट खोटा पाडला की आठवणीचा कणाच काढून घेतला जातो.

मग वारंवार तीच चूक का होते? इथे तो एक डॉलर परत येतो. कॅमेरॉनने हक्क विकून टाकले होते, त्यामुळे गोष्ट संपली की नाही हे ठरवणं त्याच्या हातात उरलं नव्हतं. दुसऱ्या भागामागची कॅरोल्को कंपनी १९९५ मध्ये दिवाळखोरीत गेली. तिच्याच संस्थापकांनी, मारिओ कसार आणि अँड्रू वाज्ना यांनी, हक्क पुन्हा मिळवून तिसरा भाग काढला. २००७ मध्ये हॅल्सियन नावाच्या कंपनीने सुमारे अडीच कोटी डॉलर देऊन ते घेतले, ‘सॅल्व्हेशन’ काढला आणि सिनेमा लागल्यावर काही महिन्यांतच तीही दिवाळखोरीत निघाली. २०१० च्या लिलावात ते पॅसिफिकॉर या गुंतवणूक कंपनीकडे गेले आणि २०११ मध्ये मेगन एलिसनच्या अन्नपूर्णा पिक्चर्सकडे. पैसे मोजून घेतलेलं शेत कोणी पडीक ठेवत नाही. हक्क घेणारा प्रत्येक जण आपलं पीक काढणार, आणि तेही एकदाच नाही : २००९, २०१५ आणि २०१९ चे तिन्ही सिनेमे नव्या त्रयीचा पहिला भाग म्हणून आखले होते. एकाही त्रयीचा दुसरा भाग निघाला नाही.

त्रयीचा बेत कथेला आणखी एका बाजूने मारतो. पहिल्या भागातच सगळं सांगून टाकायचं नाही, काही राखून ठेवायचं, खलनायकाचा उगम पुढच्या खेपेला. १९८४ च्या कॅमेरॉनपाशी असं राखून ठेवायला काही नव्हतं, त्याला पुन्हा संधी मिळेल की नाही हेच ठाऊक नव्हतं. यात घाईचीही भर पडते : अमेरिकेच्या १९७६ च्या कॉपीराइट कायद्यात मूळ लेखकाला दिलेले हक्क ३५ वर्षांनी परत मागण्याची तरतूद आहे. १९८४ मध्ये ३५ मिळवा, २०१९ येतं. हक्कांची मुदत जवळ आली की हातात आहेत तोवर काहीतरी काढण्याची घाई कोणत्याही निर्मात्याला समजू शकते. प्रेक्षकाला त्या घाईचं कारण कळत नाही, तिचा वास मात्र येतो.

तंत्राबद्दलही थोडं सांगायला हवं. चाहते म्हणतात, नवीन यंत्रांची भीती वाटत नाही. दुसऱ्या भागातला द्रवधातूचा टी-१००० रॉबर्ट पॅट्रिकने अशा एकाग्र धावण्याने उभा केला की तो आजही अंगावर येतो. त्याचं संगणकाने केलेलं काम पडद्यावर पाच मिनिटांच्या आसपासच आहे. बाकी स्टॅन विन्स्टनच्या कारागिरांनी घडवलेल्या बाहुल्या, यांत्रिक जखमा आणि चलाख मांडणी. मनोरुग्णालयातला पहारेकरी स्वतःचीच प्रतिकृती समोर पाहतो, त्या प्रसंगात खरोखरचे जुळे भाऊ, डॉन आणि डॅन स्टँटन, उभे आहेत. कारखान्यात टी-१००० साराचं रूप घेतो तेव्हा लिंडाची जुळी बहीण लेस्ली कामी आली. डोळ्यांना फसवणूक सापडत नाही, कारण दोन्ही माणसं खरी आहेत. पुढच्या भागांत यंत्राच्या अंगात शस्त्रं आली, ते सूक्ष्म कणांत विरघळू लागलं, दोन तुकड्यांत फुटून दोन बाजूंनी लढू लागलं. प्रत्येक वेळी शक्ती वाढली आणि वजन कमी झालं. पण मला हे कारण दुय्यम वाटतं. जॉनचं काय होणार याची काळजी वाटत असती तर कच्च्या दृश्यांतूनही भीती वाटली असती.

हा रोग एकट्या ‘टर्मिनेटर’चा नाही. कॅमेरॉनच्याच ‘एलियन्स’मध्ये (१९८६) रिप्ली जिवाची बाजी लावून न्यूट या मुलीला वाचवते. डेव्हिड फिंचरच्या ‘एलियन ३’ने (१९९२) सुरुवातीलाच न्यूट आणि त्यांच्यासोबत वाचलेला हिक्स या दोघांनाही मृत दाखवलं. त्यावर कॅमेरॉनने जाहीर नाराजी व्यक्त केली होती. ‘डार्क फेट’ बघताना तीच आठवण येते आणि वाईट वाटतं. ‘स्टार वॉर्स’च्या १९८३ च्या भागात मिळालेल्या विजयाचं २०१५ च्या भागापर्यंत पुन्हा तेच जुनं युद्ध झालं.

उलट उदाहरणंही आहेत, आणि ती महत्त्वाची आहेत. जॉर्ज मिलरने तीस वर्षांच्या खंडानंतर २०१५ मध्ये ‘मॅड मॅक्स : फ्युरी रोड’ काढला. त्याने मॅक्सचं आधीचं काही खोटं ठरवलं नाही, त्याच वाळवंटात फ्युरिओसाची नवी गोष्ट उभी केली. त्याच वर्षीच्या ‘क्रीड’मध्ये रायन कूगलरने जुन्या मालिकेतला मुष्टियोद्धा रॉकी म्हातारा, आजारी झालेला घेतला. रॉकीचा मित्र आणि बायको गेलेले आहेत, त्याच्या जिंकण्या-हरण्याचा सगळा हिशेब तसाच मांडलेला आहे आणि रिंगणात उतरतो तो दिवंगत मित्राचा मुलगा. दोन्ही सिनेमांत आधीच्या भागांतलं दुःख दुःखच राहतं, विजय विजयच राहतो. चाहत्याची अपेक्षा यापेक्षा मोठी नसते. तो नव्या गोष्टीला आडवा येत नाही. आपण ज्यासाठी रडलो ते घडलं होतं, एवढं त्याला शाबूत हवं असतं.

तुम्ही यातलं काहीच पाहिलं नसेल तर १९८४ चा आणि १९९१ चा सिनेमा लागोपाठच्या दोन रात्री पाहा. तिसऱ्याचा शेवट बघण्यासारखा आहे, त्यासाठी त्याचा पूर्वार्ध सोसता येईल. २००९ आणि २०१५ चे सोडले तरी काही बिघडणार नाही. ‘डार्क फेट’ बघायचा तर लिंडा हॅमिल्टनसाठी जरूर बघा, पण मधे काही महिने जाऊ द्या. आणि दुसऱ्या भागाचा ट्रेलर मात्र आधी पाहू नका. श्वार्झनेगर या खेपेला कोणाच्या बाजूने आहे, हे सिनेमा पहिला अर्धा तास लपवून ठेवतो आणि ट्रेलर ते सांगून टाकतो.